खोक्यात मावणारं माळवद

भाद्रपदात परभणी जिल्ह्यातल्या घराघरांतून महालक्ष्म्या बसतात. अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर निरोप घेतात. त्यांच्यापुढच्या आरासीत भातुकली असते, बैलजोडी असते, एखादं छोटं घरही असतं. अलीकडे हे घर बाजारातून प्लास्टिकचं येतं. ते घरीच करावं असं मला वाटतं. त्याला पैसा लागत नाही. लागतं ते प्रमाणाचं भान.

बाहुल्यांची घरं करणाऱ्यांमध्ये जगभर एक सोपं माप रूढ आहे. एका फुटाला एक इंच, म्हणजे मूळ वस्तूचा बारावा भाग. चपलांचा बारा इंची खोका आडवा ठेवला की बारा फूट लांबीची ओसरी तयार. दोन इंचांची काडेपेटी म्हणजे दोन फुटांची ट्रंक. शीतपेयाच्या बाटलीचं पत्र्याचं झाकण झालं परात. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचे दोन-दोन इंचांचे तुकडे चिकटवले की शहाबादी फरशी.

सामान जमतं, पण नक्षी फसवते. साडीचा चार इंची काठ भिंतीला लावला, तर त्या घराच्या मापानं तो चार फुटांचा होतो. अर्ध्या इंचाचं फूल बाहुलीच्या गादीवर अर्ध्या फुटाचं दिसतं. म्हणून कापड निवडताना नक्षीला बारानं गुणून पाहावं. बारीक ठिपक्यांचं ब्लाउजपीस किंवा इरकलीची बारीक चौकडी इथं शोभते. गोधडीसाठी अर्ध्या इंचाचे तुकडे जोडावेत आणि एकेरी दोऱ्यानं जमेल तितका बारीक धावदोरा घालावा. उंबऱ्यापुढची रांगोळी टाचणीच्या टोकानं काढावी.

लाकडाची जागा ज्वारीचं धाट घेतं. आपल्याकडची मुलं पूर्वी त्याच्याच बैलगाड्या करत. धाटाची साल ताठ असते, आतला गाभा मऊ. गाभ्यात साल खुपसली की डिंकाशिवाय सांधा बसतो. बंगई, पाट, फडताळ, छताचे सर, सगळं यातून होतं. मात्र सालीची धार बोट कापते, म्हणून लहान मुलांना धाट मोठ्यांनीच सोलून द्यावं.

आता खोली कुणाची करायची? मी म्हणेन, माळवदाची. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या जड भिंती आणि मातीची छतं कोसळून हजारो माणसं गेली. तशी घरं पुन्हा बांधू नयेत, हे खरंच. पण त्या घरांबरोबर देवळी, बळद, ढाळज, उतरंड हे शब्दही निघाले आहेत. नातीला बळद म्हणजे काय हे सांगून कळत नाही. भिंतीतली धान्य साठवायची ती पोकळी पुठ्ठ्यात करून वरून चार दाणे टाकून दाखवले, की लगेच कळतं.

हा विचार नवा नाही. शिकागोच्या कलासंग्रहालयात श्रीमती थॉर्न यांनी करवून घेतलेल्या अडुसष्ट छोट्या खोल्या आहेत. १९३२ ते १९४० या काळात कुशल कारागिरांनी त्या याच बाराव्या हिश्शाच्या मापानं घडवल्या. युरोप-अमेरिकेतली जुनी दालनं कशी सजलेली असत, हे लोक आजही तिथं वाकून पाहतात.

आपल्याला अडुसष्ट नकोत, एक पुरे. गावाकडचं जुनं घर उभं असेल तर यंदा टेप घेऊन जा. देवळीची उंची, दाराची रुंदी, सरांमधलं अंतर वहीत टिपा. घर पडलेलं असेल तर आजीला विचारा. जातं कुठं होतं आणि पाणी कुठं, हे ती डोळे मिटून सांगेल. ते सांगणारं माणूस घरात आहे, तोवरच ही मापं मिळणार आहेत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)