मांजराचे दात आणि भुलेचा निर्णय

धान्याची पेढी असो वा कापडाचे दुकान, गादीच्या कोपऱ्यात अंग मुडपून बसणारे मांजर अनेक व्यापारी कुटुंबांत घरचेच मानले जाते. त्याच्या खाण्यापिण्याची काळजी सारेच घेतात. त्याच्या तोंडात मात्र क्वचितच कोणी डोकावते. मग एखाद्या लसीकरणाच्या वेळी पशुवैद्यक त्याचा ओठ वर करून दाढांवरचे पिवळट-तपकिरी कीटण आणि हिरडीच्या कडेची लाल रेघ दाखवतात व भूल देऊन दात स्वच्छ करण्याचा सल्ला देतात. घरी परतताच मतभेद सुरू होतात. ‘बारा वर्षांचे झाले ते, आता म्हातारपणी त्या मुक्या जिवाला कशाला त्रास?’ असे आजी म्हणतात. खर्चाचा आकडा ऐकून कर्ते पुरुष गप्प होतात.

आजींची भीती निराधार नाही. ब्रिटनमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत भूल वा गुंगीशी संबंधित मृत्यूंचे प्रमाण निरोगी मांजरांत सुमारे ९०० मागे १, तर आजारी मांजरांत सुमारे ७० मागे १ असे आढळले. वयाबरोबर जोखीम वाढते हे खरे. परंतु केवळ वय पाहून नकार देण्यापूर्वी रक्ततपासणी करून मूत्रपिंड व यकृताची स्थिती पाहावी, हृदय तपासून घ्यावे. उतारवयातील मांजरांत मूत्रपिंडाचा विकार बराच आढळतो. तो निघाल्यास सलाईन, औषधांची निवड, प्रसंगी बेत लांबणीवर टाकणे, हे सारे पशुवैद्यकाला ठरवता येते. त्याच पाहणीत बहुतेक मृत्यू उपचारानंतर, विशेषतः पहिल्या तीन तासांत झाल्याचे दिसले. म्हणून शुद्धीवर येताना मांजराजवळ कोण असेल आणि त्याला ऊब देण्याची काय सोय आहे, हे आधीच विचारावे. हा प्रश्न विचारण्यात संकोच नको.

आता दुसरे पारडे. मोठ्या मांजराला ३० दात असतात. दिसणाऱ्या कीटणापेक्षा खरी हानी हिरडीखाली होते. हिरडीची सूज वेळीच साफसफाई केल्यास ओसरते. दाताच्या आधाराचे हाड झिजले, तर ते सहसा भरून येत नाही. मांजरांत आणखी एक विकार आढळतो. त्यात दाताचा भाग, बहुधा हिरडीच्या रेषेपाशी, झिजून विरघळत जातो. माणसाप्रमाणे सिमेंट भरून तो वाचत नाही, बहुधा काढावाच लागतो. एवढे होऊनही मांजर जेवत राहते. जेवते म्हणजे दुखत नाही, हा हिशेब येथे लागू पडत नाही. घास तोंडातून पडणे, एकाच बाजूने चावणे, लाळ, दुर्गंधी, अंग चाटणे कमी होऊन केस विस्कटणे, या त्याच्या तक्रारी होत.

भूल न देता, मांजर धरून ठेवून दात खरवडून देणारेही असतात. पैसे कमी लागतात, दात चमकतात आणि घरचे निर्धास्त होतात. परंतु हिरडीखालची घाण तशीच राहते, एक्सरे निघत नाही आणि धाकाने थरथरणाऱ्या प्राण्याला यातना होतात, त्या निराळ्याच. भुलीत श्वासनलिकेत नळी असते. त्यामुळे यंत्राचे पाणी व सुटलेले कीटण फुप्फुसांत जात नाही.

खर्चाचे अंदाजपत्रक लेखी व बाबवार मागावे: रक्ततपासणी, भूल, सफाई व पॉलिश, दातांचे एक्सरे आणि दात काढावे लागल्यास प्रत्येकी किती. कोणता दात काढायचा हे बहुधा मांजर भुलीत असतानाच कळते. म्हणून त्या वेळी फोनवर उपलब्ध राहावे. मर्यादाही आधीच सांगून ठेवावी. बरेच दात काढलेली मांजरेही मऊ अन्नावर उत्तम राहतात.

घरी आणल्यावर दुखते म्हणून माणसाचे औषध कदापि देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. दिवसभरात अन्नाला तोंड लावले नाही, तर लगेच पशुवैद्यकाला कळवावे. हिरड्या भरल्यावर प्राण्यांसाठीची पेस्ट बोटाला लावून दातांवर फिरवण्याची सवय हळूहळू लावावी, आणि मग ब्रश. माणसांची पेस्ट नको, कारण मांजर ती थुंकत नाही, गिळते.