हंगाम सणांचा, सौदा गाण्याचा

मंडळाच्या आरत्या, भजनं किंवा गरबे रेकॉर्ड करून सणासुदीत विकावेत, असं अनेकांच्या मनात येतं. पण त्या घाईत कुणाचं गाणंच हातचं जातं, तर कुणाचे पैसे. दोन्ही वाचवायचे तर काय करायचं?

श्रावण लागला की गल्लोगल्ली ढोल-ताशांच्या तालमी सुरू होतात. तशीच लगबग रेकॉर्डिंग स्टुडिओंमध्येही दिसू लागते. गणपतीची नवी गाणी, नवरात्रासाठी देवीची पदं, गरबे, दिवाळी पहाटेची भक्तिगीतं... एरवी नव्या गायकाकडे कुणी ढुंकून पाहत नाही. पण या दोन-तीन महिन्यांत मंडळांना मांडवात वाजवायला काहीतरी नवं हवं असतं आणि घरोघरीही भक्तिगीतांची आठवण होते. श्रोता आपणहून दारी येतो तो याच दिवसांत.

गाण्याच्या धंद्याला हे गणित फार पूर्वीच उमगलं. कोलकात्यात दुर्गापूजेच्या तोंडावर एचएमव्ही कंपनी नव्या बंगाली गाण्यांच्या रेकॉर्ड बाजारात आणायची. सोबत ‘शारद अर्घ्य’ नावाची पुस्तिका असे. तीत गाण्यांचे शब्द असत, गायकांचे फोटो असत. पूजेच्या नव्या कपड्यांइतकीच या गाण्यांची वाट पाहिली जाई. हेमंतकुमार, लता मंगेशकर यांच्यासारख्या गायकांनीही पूजेची गाणी गायली. तिकडे केरळात के. जे. येसुदास यांनी १९८० साली ‘तरंगिणी’ ही स्वतःची कंपनी काढली आणि तिची ओणमची गाणी लोकप्रिय झाली. १९८३ साली गुलशन कुमार यांनी ‘टी-सीरिज’ सुरू केली. स्वस्तातली भजनांची कॅसेट मग किराणा दुकानापर्यंत आणि पानाच्या टपरीपर्यंत पोचली.

आता कॅसेट गेली आणि सीडीही जवळजवळ गेली. गाणं मोबाइलवर आलं. त्यामुळे गावातलं भजनी मंडळसुद्धा कुठल्या कंपनीचं दार न ठोठावता आपलं गाणं जगापुढे ठेवू शकतं. सोय मोठीच आहे. पण पूर्वी कंपनीचा वकील जे कागद पाहायचा, ते आता मंडळानेच पाहायचे आहेत. नेमकं तेच सणाच्या घाईत राहून जातं.

एका गाण्याचे चार धनी

समजा, एका भजनी मंडळाने आठ गाणी रेकॉर्ड करायची ठरवली. शब्द शाळेतल्या गुरुजींचे, चाल पेटीवाल्या काकांची, गळा शेजारच्या ताईंचा आणि स्टुडिओचा खर्च मंडळाचा. मग गाणं कुणाचं?

कायद्याच्या हिशेबाने चौघांचंही! १९५७च्या कॉपीराइट कायद्यात गाण्याचे शब्द ही एक कृती आहे, चाल ही दुसरी आणि ध्वनिमुद्रण ही तिसरी. ध्वनिमुद्रणाचा पुढाकार आणि जबाबदारी ज्याने घेतली, तो निर्माता त्या मुद्रणाचा धनी. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना कलावंत म्हणून आणखी वेगळा हक्क आहे. शब्द आणि चाल यांवरचा हक्क त्या-त्या कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या पश्चात ६० वर्षं टिकतो. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं, तर कलावंताचा हक्क ५० वर्षं.

म्हणजे आज चहाच्या कपावर ठरवलेला व्यवहार नातवंडांपर्यंत पोचणारा आहे. ‘आपलीच तर माणसं आहेत, कागद कशाला?’ असं म्हणताना एवढं ध्यानात ठेवलेलं बरं.

हा वाद आजचा नाही. १९६०च्या दशकात रॉयल्टीच्याच प्रश्नावर लता मंगेशकर आणि महंमद रफी यांच्यात मतभेद झाले आणि काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. रेकॉर्ड विकली जाते तोवर गायकालाही त्यातला वाटा मिळावा, ही लतादीदींची भूमिका. तर एकदा मानधन घेतलं की व्यवहार संपला, हे रफीसाहेबांचं मत. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने चित्रपटगीतांचे गीतकार आणि संगीतकार मागे पडले. अखेर २०१२ साली कायदा बदलला. गीतकार जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी आग्रहाने बाजू मांडली होती. आता गीतकाराने आणि संगीतकाराने हक्क विकले, तरी रॉयल्टीतला समान वाटा त्यांना सोडून देता येत नाही. करारात तसं लिहून घेतलं तरी ते कायद्यापुढे टिकत नाही. हा वाटा गोळा करण्याचं काम मुंबईची ‘आयपीआरएस’ ही १९६९ साली स्थापन झालेली संस्था करते. गीतकार आणि संगीतकार तिचे सभासद होऊ शकतात.

तुकोबांचे शब्द, चाल कुणाची?

भक्तिगीतं रेकॉर्ड करणाऱ्यांची हमखास फसगत होते ती इथे. ‘अभंग तर तुकोबांचा, त्याला कसली परवानगी?’ असं म्हटलं जातं. शब्दांपुरतं ते खरंच आहे. संतांच्या शब्दांवर कुणाचीही मालकी नाही. पण चालीचं काय?

‘अभंग तुकयाचे’ या लता मंगेशकर यांच्या गाजलेल्या संग्रहाच्या चाली श्रीनिवास खळे यांच्या. खळेकाका २०११ साली गेले. म्हणजे त्यांच्या चालींवरचा हक्क २०७१ सालच्या अखेरपर्यंत शाबूत आहे. त्याच चालीत तोच अभंग रेकॉर्ड करून विकायचा, तर परवानगी हवीच. जुन्या गाण्याची नवी आवृत्ती काढण्यासाठी कायद्यात वेगळी वाट आहे. पण मूळ मुद्रणाचं वर्ष संपल्यावर पाच कॅलेंडर वर्षं जावी लागतात, आधी सूचना द्यावी लागते, रॉयल्टी आगाऊ भरावी लागते. ती रॉयल्टीही वर्षाला किमान ५० हजार प्रतींच्या हिशेबाने! लहान मंडळाला ही वाट परवडणारी नाही. त्यापेक्षा पारंपरिक चाल घ्यावी, नाहीतर आपल्याच पेटीवाल्या काकांकडून नवी बांधून घ्यावी.

आणखी एक गैरसमज असतो. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गाणं वाजवायला कायद्याने सूट दिली आहे. पण पूजेत गाणं वाजवणं वेगळं आणि त्याच्या प्रती काढून विकणं वेगळं. जत्रेत ‘पाचशे गाणी एका पेनड्राइव्हमध्ये’ म्हणून जो माल विकला जातो, त्यातला बराचसा चोरीचा असतो. अशा गुन्ह्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा कायद्यात आहे.

‘सही करा, बाकी नंतर बघू’

सण तोंडावर आला की एखादी कंपनी किंवा दलाल येतो. ‘गणपतीला आठ दिवस उरलेत, आज सही केली तरच होईल’ असं म्हणतो आणि पुढे दोन पानं सरकवतो. अशा वेळी पेन उचलण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात. कोणती गाणी? कोणते हक्क? किती वर्षांसाठी? कोणत्या प्रदेशासाठी?

हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीनिशीच व्हावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं मानतो. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच मानतो. हक्क घेऊन कंपनीने वर्षभर गाणं तसंच ठेवून दिलं, तर वर्ष संपल्यावर तो हक्क मूळ मालकाकडे परत येतो. मात्र करारात उलट लिहिलेलं असेल तर नाही. ‘कायमस्वरूपी’, ‘संपूर्ण जगासाठी’, ‘सर्व माध्यमांसाठी’ हे शब्द दिसले की थांबावं आणि ओळखीच्या वकिलाला कागद दाखवावा. एक सण हुकला तर पुढच्या वर्षी पुन्हा येतो. कायमचं दिलेलं गाणं परत मिळवणं मात्र फार कठीण!

मंडळानेही आपल्या माणसांशी असाच साधा कागद करावा. कोणी काय केलं, आलेल्या पैशात कुणाचा किती वाटा, कंपनीशी कोण बोलणार, एवढं एका पानावर मावतं. तो कागद रेकॉर्डिंगच्या आधी व्हावा. गाणं गाजल्यावर प्रत्येकाला आपला वाटा मोठा वाटू लागतो.

स्टुडिओतून मोबाइलपर्यंत

स्पॉटिफाय, अॅपल म्युझिक, जिओसावन अशा ठिकाणी गाणं पोचवण्याचं काम डिस्ट्रिब्युटर करतात. कुणी वर्षाची फी घेतात, कुणी कमाईतला हिस्सा. फी भरणं थांबवलं तर गाणं उतरवलं जातं का, हा प्रश्न आधीच विचारावा. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला ‘आयएसआरसी’ हा १२ अक्षरी-अंकी क्रमांक मिळतो. तो म्हणजे गाण्याचं आधार कार्डच! हिशेब त्यावरूनच लागतो, म्हणून तो जपून ठेवावा.

वेळेचं गणितही महत्त्वाचं. नव्या गाण्याची माहिती प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी द्यावी, असं स्पॉटिफाय सांगते. त्याआधी डिस्ट्रिब्युटरच्या तपासणीतही दिवस जातात. म्हणजे गणपतीचं गाणं नागपंचमीच्या सुमाराला तयार हवं.

कमाईच्या अपेक्षा मात्र जमिनीवर असाव्यात. २०२४पासून स्पॉटिफायवर बारा महिन्यांत किमान एक हजार वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्यालाच ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी मिळते. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा हवा, तर एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षात चार हजार तासांचं प्रेक्षण हा नेहमीचा निकष आहे. म्हणून कार्यक्रमाच्या ठिकाणी थेट विक्रीची जोड असलेली बरी. विकायच्या सीडीवर किंवा पेनड्राइव्हच्या वेष्टनावर निर्मात्याचं नाव-पत्ता, हक्क कुणाचे आणि प्रथम प्रकाशनाचं वर्ष छापणं कायद्याने बंधनकारक आहे.

गर्दीतले ठग

सणात गिऱ्हाईक वाढतं तसे ठगही वाढतात. ‘दोन दिवसांत लाखभर प्लेज मिळवून देतो’ असा मेसेज आला तर सरळ दुर्लक्ष करावं. यंत्राने फुगवलेले आकडे कंपन्या पकडतात. मग रॉयल्टी थांबते, कधी गाणंही उतरवलं जातं. ‘तुमचं गाणं निवडलंय, आधी नोंदणी फी भरा’ हाही जुनाच डाव.

स्टॉलवर पैसे घेताना एक नियम पक्का ठेवावा. पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की समजावं, पैसे येत नसून जाणार आहेत. गिऱ्हाइकाने दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर विसंबू नये, आपल्या फोनवर रक्कम जमा झालेली पाहावी. आपल्या क्यूआर कोडवर कुणी दुसरा कागद चिकटवला नाही ना, हे अधूनमधून बघावं. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावं. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

गाण्याइतकाच गाणाऱ्यांचा जीवही जपायला हवा. गणपतीत पाऊस असतो आणि मांडवातली वायर बहुतेक वेळा तात्पुरती. स्टॉलच्या आणि स्पीकरच्या जोडणीला ३० मिलिअँपिअरचा गळती-प्रवाह तोडणारा स्विच परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्यावा. ओल्या हाताने माइकला किंवा प्लगला हात लावू नये.

विक्रीसाठी गाणं वाजवतानाही मर्यादा आहेच. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २०००च्या नियमांनी घातली आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सरकारने ठरवलेल्या मोजक्या दिवशीच बारापर्यंत सूट मिळते. शिवाय स्टॉलवर दिवसभर बसणाऱ्या पोरांच्या कानांचंही पाहायला हवं. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास, हा कानांसाठी धरला जाणारा ठोकताळा. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं!

सणाआधी एवढं कराच

• शब्द, चाल, गायन आणि खर्च यांचा एका पानाचा कागद, सगळ्यांच्या सह्यांसह.
• दुसऱ्याची चाल असेल तर लेखी परवानगी.
• मूळ ध्वनिमुद्रणाच्या दोन प्रती, दोन वेगळ्या घरांत.
• कंपनीच्या करारात गाणी, हक्क, मुदत आणि प्रदेश स्पष्ट.
• पासवर्ड दोन जबाबदार माणसांकडेच.
• पैशांचा हिशेब रोज रात्री, दोघांच्या सहीने.

हे सगळं करायला एक रविवार पुरतो. बाप्पा दीड दिवसाचे असोत की दहा दिवसांचे, गावाला जातात. मंडळाने गायलेली आरती मात्र पुढची कित्येक वर्षं कुठे ना कुठे वाजत राहणार असते. ती कुणाच्या नावावर वाजेल, हे त्या एका रविवारी ठरतं.