खुब्याच्या सांध्यांत दुर्बीण

गुडघा हा दुर्बिणीस सहज वश होणारा सांधा. खुबा तसा नाहीं. तो जाड स्नायूंच्या थरांखालीं दडलेला असतो, आणि मांडीच्या हाडाचा वाटोळा माथा कटीच्या हाडांतील उखळींत अगदीं घट्ट बसलेला असतो. न्यूयॉर्कचे मायकेल बर्मन यांनीं १९३१ सालीं मृत शरीरांच्या सांध्यांत दुर्बीण घालून पाहिली, तेव्हां या दोन हाडांमध्यें सुई घालणें अशक्य होय, असें त्यांनीं लिहून ठेविलें. आज ती सुई नित्य घातली जाते. उखळीच्या कांठाची कूर्चा फाटून लंगडूं लागलेल्या कित्येक तरुण खेळाडूंस तिनें पुनः मैदान दाखविलें आहे. हें कसें साधतें तें विद्यार्थ्यांनीं अवश्य समजून घ्यावें; कारण यांत हत्यारांइतकेंच महत्त्व रोग्यास निजविण्याच्या रीतीस आहे.

रोग्यास भूल देऊन व त्याचे स्नायू शिथिल करून उताणें निजवितात. कांहीं शस्त्रवैद्य कुशीवर निजविणें पसंत करितात. पावलांस जाड अस्तर गुंडाळून तीं बुटासारख्या पकडींत बसवितात, आणि दोन्ही मांड्यांमध्यें गादी लावलेला जाड खुंट उभा करितात. मग पाय हळूहळू ओढावयाचा. खुंट शरीरास खालीं सरकूं देत नाहीं, आणि किंचित् बाजूस लावलेला असल्यामुळें मांडीस बाहेरही लोटतो. क्ष-किरणांच्या पडद्यावर माथा उखळीपासून ८ ते १० मिलिमीटर दूर झालेला दिसला, म्हणजे पुरे. येथें पदार्थविज्ञानाची एक गंमत आहे. सांधा हवाबंद असल्यामुळें बाहेरील हवेचा दाब त्यास उघडूं देत नाहीं. लांब सुईनें आंत थोडी हवा किंवा मिठाचें पाणी सोडलें, कीं तेवढ्याच ओढीनें तो अधिक उघडतो.

परंतु हीच ओढ अपायही करूं शकते. खुंटाच्या दाबानें जांघेजवळील मज्जातंतू बधिर होतो. अति ओढीनें मांडीमागचा मोठा मज्जातंतूही दुखावतो. सांधा सुधारावा आणि रोग्यानें भलत्याच जागीं बधिरपणा घेऊन घरीं जावें, हा सौदा कोणास परवडेल? म्हणून ओढ सुरू होतांच वेळ मोजूं लागतात, आणि ती दोन तासांच्या आंत सोडावयाची असा दंडक पाळितात. कांहीं ठिकाणीं तर खुंटच काढून टाकिला आहे. टेबल डोक्याकडे उतरतें करून व पाठीखालीं न घसरणारी गादी घालून शरीराच्या भारानेंच ओढ तोलून धरितात. मला ही युक्ति फार समर्पक वाटते.

पुढील काम क्रमाचें आहे. मांडीच्या हाडाचें बाहेरून हातास लागणारें टोंक ही खूण. तिच्या कांठाजवळ पहिलें छिद्र. सुईंतून लवचिक तार, तारेवरून नळी, नळींतून दुर्बीण. भिंग ७० अंश तिरकें पाहणारें असल्यामुळें वाटोळ्या माथ्याच्या आडचेंही दिसतें. दुसरें छिद्र पुढच्या अंगास, आंतून दुर्बिणीनें पाहत पाडितात. तेथें मांडीच्या त्वचेस संवेदना देणारा मज्जातंतू जवळ असतो, म्हणून सुरी कातड्यापुरतीच चालवितात. फाटलेली कूर्चा बारीक खिळे व दोरे यांनीं हाडास शिवून झाली, कीं ओढ सोडतात. हाडाच्या मानेवरील फाजील उंचवटा घांसून काढावयाचा असल्यास तें काम पाय दुमडून, ओढीवांचूनच होतें.