गाडीवरचा काचेचा पदर

नवी मोटार घरी आली की त्या दिवशी घराला सणाचे रूप येते. दारात रांगोळी पडते, बोनेटवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, चाकाखाली लिंबू ठेवले जाते, आणि शेजारच्या मुलांना एक फेरी मारून आणल्यावाचून कोणाचे समाधान होत नाही. अलीकडे या स्वागतात आणखी एका संस्काराची भर पडली आहे. विक्रेता किंवा ओळखीचा कारागीर सुचवितो, ‘सिरॅमिक कोटिंग करून घ्या, मग रंगाची काळजीच नको.’ घरात चर्चा होते, काही हजार रुपयांची तजवीज होते, आणि दोन-तीन दिवसांनी गाडी परत येते ती आरशासारखी लखलखत. पावसाचे थेंब तिच्यावरून मोत्यांसारखे घरंगळताना पाहून खर्च सार्थकी लागल्याची सर्वांची खात्री पटते.

आणि तरीही, सहा-आठ महिन्यांनी एखाद्या सकाळी उन्हाची तिरीप बोनेटवर पडली असता, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसू लागतात. ‘आपली फसवणूक झाली,’ असे घरातील एकजण म्हणतो. ‘गाडी पुसणाऱ्याने वाट लावली,’ असे दुसरा म्हणतो. खरे पाहता दोष बहुधा या दोघांचाही नसतो. दोष असतो तो ‘मग काळजीच नको’ या एका वाक्याचा. कोटिंगमुळे काळजी संपत नाही. तिचे स्वरूप तेवढे बदलते. ते कसे, हे समजून घेतले तर घातलेला पैसा वाया जाणार नाही, आणि निष्कारण कोणावर ठपकाही येणार नाही.

लेप म्हणजे नेमके काय?

आपल्याला गाडीचा जो रंग दिसतो, तो एकाच थराचा नसतो. पत्र्यावर प्रथम गंज रोखणारा थर असतो, त्यावर अस्तर, त्यावर प्रत्यक्ष रंग, आणि सर्वांत वर रंगहीन पारदर्शक वार्निशासारखा एक थर. कारागीर याला क्लिअर कोट म्हणतात. हे सारे थर मिळून जाडी साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन भरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून हा सारा डोलारा किती नाजूक आहे याची कल्पना यावी. सिरॅमिक कोटिंग या सर्वांच्या वर बसते, आणि त्याची जाडी बहुधा एक-दोन मायक्रॉनच असते.

हा लेप ज्या द्रव्यापासून बनतो ते सिलिका, म्हणजे वाळूत आणि काचेत असणारेच द्रव्य होय. कारागीर पातळ द्रवरूपात ते हाताने फासतो. हवेतील आर्द्रतेशी संयोग होऊन ते क्लिअर कोटला घट्ट चिकटते व कडक होते. म्हणून याला रंगावरचा काचेचा पदर म्हटले तर फारसे चुकणार नाही. मेण चोळून आणलेली चमक काही आठवड्यांत उतरते. हा पदर नीट जपला तर काही वर्षे टिकतो. सूर्यकिरणे, आम्लयुक्त घाण आणि चिकट मळ यांचा मारा तो आधी आपल्या अंगावर घेतो. मात्र उडालेला खडा, कोणी ओढलेली किल्ली किंवा पत्र्याला आलेला पोचा यांपुढे त्याचा निरुपाय असतो.

कोटिंगच्या बाटलीवर बहुधा ‘९एच’ अशी अक्षरे असतात, आणि त्यावरून अनेकांचा असा समज होतो की गाडीला आता हिऱ्याचेच कवच चढले. वास्तविक हा आकडा पेन्सिलींच्या मोजपट्टीतला आहे. चित्रकलेच्या पेन्सिली मऊ ‘बी’पासून कठीण ‘एच’पर्यंत क्रमाने येतात, त्यांतील सर्वांत कठीण पेन्सिलीनेही ओरखडा उमटला नाही, एवढाच त्याचा अर्थ. पेन्सिलीचे शिसे म्हणजे ग्राफाइट व माती यांचे मिश्रण. रस्त्यावरच्या धुळीत मात्र वाळूचे म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात, आणि खनिजांच्या कठीणतेच्या दहा अंकी मोह्स श्रेणीत क्वार्ट्झचा क्रमांक सातवा आहे. पेन्सिलीला न जुमानणारा पदर वाळूच्या कणापुढे हार खातो, यात नवल ते काय?

धूळ बसू द्यावी, कोरडी पुसू नये

या सर्व विवेचनातील एकच गोष्ट लक्षात ठेवावयाची असेल तर ती ही, की गाडीवर बसलेली धूळ रंगाचे सहसा काही बिघडवीत नाही. बिघडविते ते ती धूळ कोरड्या फडक्याने पुसणे.

आपल्याकडे दिल्लीपासून हैदराबादपर्यंत जवळजवळ प्रत्येक वसाहतीत भल्या पहाटे गाड्या पुसणारी माणसे येतात. एका बादलीत आणि एका फडक्यात वीस-वीस गाड्या उरकावयाच्या असतात. पहिल्या गाडीवरचे वाळूचे कण फडक्यात अडकतात आणि पुढच्या प्रत्येक गाडीवर काचकागदासारखे फिरतात. सकाळच्या कोवळ्या उन्हात दिसणाऱ्या त्या जाळीदार रेघांचा उगम बहुधा येथे असतो. काळ्या व गडद गाड्यांवर त्या लवकर दिसतात. पांढऱ्या गाडीवर त्या असतात, पण लपून राहतात.

तेव्हा त्या माणसावर रागावण्याऐवजी त्याला दोन-तीन स्वच्छ मायक्रोफायबरची फडकी घेऊन द्यावी, आणि नीट सांगावे, ‘दादा, रोज पुसली नाही तरी चालेल. काचा आणि आरसे तेवढे साफ करा. बाकीची गाडी आठवड्यातून एकदा नीट धुऊ.’ त्याचा महिन्याचा मोबदला मात्र कमी करू नये. त्याचे काम घटले नसून अधिक जाणतेपणाचे झाले आहे. धुळीने माखलेली गाडी दाराशी उभी असणे ज्यांना कमीपणाचे वाटते, त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की धूळ पाण्याने जाते, रेघ पाण्याने जात नाही.

गाडीवर घातलेल्या आच्छादनाचीही हीच गोष्ट आहे. धुळीने भरलेल्या गाडीवर कापड ओढले, वाऱ्याने ते रात्रभर हलत राहिले, की कोरड्या फडक्याचेच काम होते. आच्छादन घालावयाचे ते धुतलेल्या व वाळलेल्या गाडीवर.

पहिला आठवडा

नवा लेप म्हणजे नुकताच सारवलेला ओटा. पहिले २४ तास गाडी शक्यतो छपराखाली ठेवावी. पाणी व दव लागू देऊ नये. पुढे साधारण आठवडाभर शाम्पू व घासणे टाळावे, कारण वरून कोरडा वाटला तरी लेप आतून कडक होतच असतो. प्रत्येक द्रव्याची मुदत थोडी निराळी असते, म्हणून ती कारागिराकडून लिहूनच घ्यावी. या दिवसांत पक्ष्याने घाण केली तर ओल्या मऊ फडक्याने हलकेच टिपून घ्यावी, घासू नये.

धुवावे कसे?

एक ते दोन आठवड्यांतून एकदा धुणे पुरते. जागा सावलीची असावी आणि बोनेट हाताला थंड लागावे. तापलेल्या पत्र्यावर पाणी व साबण पुसण्याआधीच वाळून डाग धरतात. चाके प्रथम धुवावीत आणि त्यांचे फडके निराळे असावे, कारण ब्रेकची लोखंडी भुकटी तेथेच साचते. नंतर साध्या पाण्याने सारी गाडी वरून खाली भिजवावी, म्हणजे सुटी वाळू हात न लावता निघून जाते.

मग दोन बादल्या घ्याव्यात. एकीत शाम्पूचे पाणी, दुसरीत नुसते पाणी. शाम्पू मोटारीसाठी बनविलेला आणि उदासीन, म्हणजे आम्लही नाही व क्षारही नाही असा असावा. मऊ हातमोजा किंवा फडके शाम्पूच्या पाण्यात बुडवून एक भाग सरळ रेषेत पुसावा, गोल गोल चोळू नये. दर भागानंतर फडके दुसऱ्या बादलीत खळबळून घ्यावे व मगच पुन्हा शाम्पूत बुडवावे. दुसऱ्या बादलीच्या तळाशी जमलेला गाळ एकदा पाहिला, की या पद्धतीची महती निराळी सांगावी लागत नाही. छतापासून आरंभ करावा आणि चिखलाचा खालचा भाग सर्वांत शेवटी घ्यावा. अखेरीस पाणी ओतून मोठ्या मऊ फडक्याने टिपून गाडी कोरडी करावी.

कपड्यांची पावडर, भांड्यांचा साबण, रॉकेल व डिझेल यांना गाडीपासून दूर ठेवावे. डिझेलच्या फडक्याने गाडी चमकविणारे जुने चालक पुष्कळांनी पाहिले असतील. ती चमक तेलाची असते. तिच्यावर दुपारपर्यंत दुप्पट धूळ बसते. फिरत्या ब्रशांच्या यंत्रातही गाडी घालू नये, कारण आधीच्या गाडीची वाळू त्या ब्रशांत असतेच.

पाण्याची गोष्ट

कमळाच्या पानावर पाणी ठरत नाही, हा दृष्टान्त गीतेपासून आपल्या परिचयाचा आहे. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्टलॉट यांनी या पानाचे सूक्ष्मदर्शकातून निरीक्षण करून दाखविले की त्याच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म उंचवटे आणि मेणाचे कण असतात. त्यामुळे थेंब जवळजवळ अधांतरी राहतो आणि जाताना धूळ घेऊन जातो. त्यांचा व त्यांच्या सहकाऱ्याचा याविषयीचा प्रसिद्ध निबंध १९९७ साली प्रकाशित झाला. कोटिंगची जाहिरात करताना या कमलपत्राची उपमा सर्रास दिली जाते. परंतु कोटिंगचा पृष्ठभाग त्या मानाने गुळगुळीत असतो. त्यावर थेंब गोल होतो व बराचसा घसरतो, पण सपाट बोनेटवर काही थेंब राहतातच. ते उन्हात वाळले की पाणी उडून जाते आणि त्यातील क्षार पांढऱ्या वर्तुळाच्या रूपाने मागे उरतात.

हा धोका बोअरच्या जड पाण्यात अधिक. शाळेच्या पुस्तकात ज्याला दुष्फेन म्हणत ते हेच. यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विपुल असतात. पिण्याच्या पाण्यात एकूण विरघळलेले घटक लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत असे भारतीय मानक सांगते. अनेक ठिकाणच्या बोअरचे पाणी ही मर्यादा ओलांडते. काही गृहिणी काटकसरीने शुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणारे टाकाऊ पाणी गाडीसाठी साठवितात. हेतू स्तुत्य आहे, पण गाळून उरलेले सारे क्षार त्याच पाण्यात एकवटलेले असतात. ते गाडीऐवजी फरशी व संडास धुण्यास वापरावे. याउलट वातानुकूलन यंत्राच्या नळीतून ठिबकणारे पाणी हवेतील बाष्पापासून बनलेले, म्हणून जवळजवळ क्षारहीन असते. शेवटच्या ओतण्यासाठी ते एका बादलीत धरून ठेवावे. साठविलेले पावसाचे पाणीही तितकेच चांगले.

पांढरे डाग पडलेच तर पांढरे व्हिनेगर व पाणी समभाग घेऊन फडक्याने हलकेच लावावे आणि वाळू न देता स्वच्छ पाण्याने धुऊन टाकावे.

पाण्याच्या बचतीचा विचार तर आता ऐच्छिक राहिलेला नाही. मार्च २०२४ मध्ये बेंगळूरात तीव्र टंचाई झाली, तेव्हा तेथील जलमंडळाने पिण्याच्या पाण्याने वाहने धुण्यास बंदी करून ५००० रुपये दंड ठरविला होता. नळी मोकळी सोडली तर दहा मिनिटांत १०० लिटर पाणी सहज वाहून जाते. वरील पद्धतीने, तांब्याने भिजविले तर तीन-चार बादल्यांत गाडी निघते. कोटिंगवर मळ घट्ट धरत नाही, हा त्याचा खरा लाभ येथे दिसतो.

ज्यांना वाट पाहता येत नाही असे डाग

धूळ थांबू शकते. पक्ष्यांची विष्ठा, झाडांचा चीक आणि चिरडलेले किडे थांबू शकत नाहीत. विष्ठेतील आम्ल उन्हाच्या तापाने आधी लेपात व मग रंगात उतरते. ओले फडके त्यावर पाच मिनिटे ठेवावे आणि घाण मऊ झाली की उचलून घ्यावी. मोहोराच्या दिवसांत आंब्याच्या सावलीचा मोह टाळावा. तुडतुड्यांचा गोड चिकटा गाडीवर सारखा पडत असतो. समुद्रकाठी राहणाऱ्यांनी खारे वारे ध्यानात घेऊन गाडी थोडी अधिक वेळा धुवावी.

वर्षाचा हिशेब

पाणी पूर्वीसारखे घरंगळत नाही असे दिसले, की लेप गेला असे मानून पुष्कळजण घाबरतात. बहुधा तो गेलेला नसतो, मळाच्या पातळ साईखाली दबलेला असतो. प्रथम गाडी नीट धुऊन पाहावी. तीन-चार महिन्यांतून एकदा कोटिंगला अनुरूप असा फवारा मारून पुसून घेतल्यास निसरडेपणा पुन्हा येतो. वर्षातून एकदा कारागिराकडून तपासणी करून घ्यावी. पण ‘रबिंग पॉलिश’ करू देण्यापूर्वी दोनदा विचार करावा, कारण त्या घर्षणात रेघांबरोबर लेपही निघून जातो आणि खर्च पुन्हा मूळपदावर येतो.

आणि दसऱ्याला? पूजा अवश्य करावी. हळद-कुंकू बोनेटऐवजी काचेवर किंवा नंबरपट्टीवर लावावे, झेंडूची माळ तारेने न बांधता दोऱ्याने बांधावी, आणि गाडी रस्त्यावर आणण्यापूर्वी ती काढून ठेवावी. त्या दिवशी सकाळी गाडी धुण्याचे काम घरातील मुलांकडे सोपवावे. दोन बादल्या, दोन फडकी आणि वरून खाली असा क्रम त्यांना एकदा दाखविला, की पुढच्या आठवड्यात आठवण करून देण्याचे काम तीच करतील.