पांढऱ्या बादलीची बाजू

घरी बिअर करायची, तर ती आंबवायची कशात? अमेरिकेत १९७८च्या ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केली आणि घरगुती बिअरला संघराज्याच्या कायद्याने मोकळीक मिळाली. ब्रिटनमध्ये परवान्याची अट १९६३मध्येच गेली होती. (महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय हे करता येत नाही.) ही मोकळीक मिळाल्यापासून त्या दोन्ही देशांतल्या तळघरांमध्ये आणि गॅरेजांमध्ये या प्रश्नावर वाद रंगत आले आहेत.

मान आहे तो काचेच्या कार्बॉयला. अरुंद गळ्याचा हा मोठा बुधला. काचेतून ऑक्सिजन आत शिरत नाही, तिला सहजी ओरखडा पडत नाही आणि मुख्य म्हणजे आतलं सगळं दिसतं. माल्टच्या गोड काढ्यात यीस्ट घातल्यावर एक-दोन दिवसांत ते जोरात कामाला लागतं. द्रव तळापासून वर घुसळत राहतो आणि उन्हाळ्यात इडलीचं पीठ डब्याबाहेर यावं तसा तपकिरी गुठळ्यांचा फेस गळ्यापर्यंत चढतो. तासभर बघत बसावं असं ते दृश्य असतं, हे मला मान्य आहे.

पण याच बुधल्यात हात जात नाही. फेस वाळला की खांद्याच्या आतल्या बाजूला चिकट कडं धरतं आणि ते वाकड्या ब्रशने, अंदाजाने खरवडावं लागतं. भरलेल्या बुधल्याचं वजन २५ किलोच्या आसपास जातं. ओल्या हातातून तो निसटला, किंवा थंड काचेत गरम पाणी ओतलं, की तुकडे होतात. त्या तुकड्यांनी लोकांच्या हातांच्या शिरा कापल्या गेल्या आहेत. शिवाय उजेड लागला की हॉप्समधली, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधली, कडू द्रव्यं मोडतात आणि बिअरला उग्र, गंधकी वास येतो. म्हणून बुधल्यावर जाड कापड टाकायचं, म्हणजे बघण्याची मजाही गेली!

म्हणून माझं मत झाकणाच्या साध्या पांढऱ्या बादलीला. खाद्यपदार्थांसाठीच्या प्लास्टिकची, २५ लिटरची. तिच्यात १९ लिटर बिअर घातली की फेसाला जागा उरते. झाकणाच्या भोकात एअरलॉक बसवला की कार्बन डायऑक्साइड पाण्यातून बुडबुडत बाहेर जातो आणि हवा आत येत नाही. हात कोपरापर्यंत आत घालून कानाकोपरा पुसता येतो. मात्र काथ्या किंवा तारेची घासणी लावायची नाही, मऊ फडकंच वापरायचं. ओरखड्यात जंतू दडले की निर्जंतुकीकरणाचं द्रावणही तिथे नीट पोचत नाही. प्लास्टिकमधून ऑक्सिजन थोडा थोडा झिरपतो, हे खरं. पण दोन-तीन आठवड्यांच्या एल प्रकारच्या बिअरला त्याने काही होत नाही. वर्षभर मुरवायच्या आंबट बिअरला मात्र काच किंवा स्टीलच हवं.

निमुळत्या तळाची स्टीलची टाकी उत्तमच. यीस्ट खाली बसतं आणि व्हॉल्व्ह उघडून काढून टाकता येतं. पण तिची किंमत बादलीच्या कितीतरी पट. तेवढे पैसे असतील, तर आधी जुना फ्रिज आणि थर्मोस्टॅट घ्यावा. आंबताना यीस्ट स्वतःच उष्णता सोडतं, त्यामुळे भांड्यातलं तापमान खोलीपेक्षा काही अंशांनी चढतं. बहुतेक एल यीस्टना १८ ते २० अंश मानवतात. फार वर गेलं की घशाला जाळणारी जड अल्कोहोलं तयार होतात, आणि ती स्टीलमध्येही तशीच होतात.

बादली घेताना बिननळाची घ्यावी. नळाच्या आट्यांत यीस्टचा गाळ अडकतो आणि दर वेळी नळ पूर्ण सुटा करून धुवावा लागतो. बिअर काढायला सायफनची नळी पुरते.