बेगमी: किती जणांची, किती दिवसांची?

‘पावसाळ्याची बेगमी’ असे आपण सहज म्हणतो. ‘पावसाळ्याचा साठा’ असे कुणी म्हणत नाही. साठा वस्तूचा असतो: पाण्याचा, साखरेचा, खताचा. बेगमी धान्याची होते तशी काळाचीही होते, वर्षाची, चार महिन्यांची. खाणारी तोंडे किती, दिवस किती, रोज लागेल किती, हा हिशेब त्या शब्दात आधीच धरलेला आहे. मूळ फारसी. ‘बेगम’ म्हणजे ज्याला चिंता नाही तो. त्याची निश्चिंती ती बेगमी. मनाच्या अवस्थेचे हे नाव मराठीने थेट कोठीघरात आणून ठेवले, ही मला भाषेची मोठी कमाई वाटते.

राज्याभिषेकाच्या आगेमागे शिवाजी महाराजांनी चिपळूण भागात छावणीला असलेल्या पागेच्या जुमलेदार-हवालदारांना धाडलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला उपद्रव देऊ नये, या आज्ञेसाठी ते सांगितले जाते. पण ते आधी बेगमीचे पत्र आहे. जमवलेला दाणा, रातीब आणि गवत असेल तोवर उधळाल, तर भर पावसात काही मिळणार नाही. घोडी मरू लागतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल. मग कुणी कुणब्याकडचे दाणे आणील, कुणी भाकर, कुणी गवत. उंदराने दिव्याची जळती वात नेली तर गवताची गंजी पेटेल, एवढी बारीक ताकीदही त्यात आहे. लष्कराचा जुलूम कोठीतल्या बेहिशेबीपणातून सुरू होतो, हे इतक्या नेमकेपणाने सांगणारा दुसरा मराठी कागद माझ्या वाचनात नाही.

रसदेची जात वेगळी. रसद वाटेवर असते. ती पोहोचते, अडते, तुटते, शत्रूकडून मारली जाते. अब्दालीची रसद तोडण्याच्या कामगिरीवर असतानाच मराठ्यांचे सरदार गोविंदपंत बुंदेले डिसेंबर 1760 मध्ये मारले गेले. इकडे पानिपतावर मराठ्यांचीच रसद बंद झाली, आणि 14 जानेवारी 1761 रोजी उपासमारीने खंगलेली फौज लढाईला बाहेर पडली. घरापासून इतक्या दूर बेगमी करता येत नव्हती. सारी मदार रसदेवर होती. गडाची गोष्ट निराळी. पन्हाळ्याच्या अंबारखान्यात गंगा, यमुना, सरस्वती अशा तीन कोठ्या आहेत. एकट्या गंगा कोठीत 25,000 खंडी धान्य मावे, असे सांगतात.

गावात कोठारापेक्षा पेव जवळचे. जमिनीत खणलेला, अरुंद तोंडाचा, पोटात रुंद होत गेलेला खड्डा. आत कडबा-भुसा लावून ज्वारी भरायची, तोंड मातीने बंद करायचे. कोंडलेल्या हवेत किडीला जगता येत नाही, माणसालाही नाही. म्हणून पेव उघडल्यावर हवा खेळू देऊन, दिवा आत सोडून पाहूनच माणूस उतरवायचा. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवे होती; 2005 च्या महापुराने त्यांचे मोठे नुकसान केले. ‘क्लासचे पेव फुटले’ असे लिहिणाऱ्याला हे पेव पाहायला मिळाले पाहिजे होते. कणगी, बळद, कोकणातला भाताचा मुडा ही त्याच घरची भावंडे.

किनाऱ्यावर अजून हे शब्द बाजारात ऐकू येतात. आगरी-कोळी वस्त्यांत मेमध्ये ‘आगोटीची खरेदी’ निघते: सुके बोंबील, जवळा, कांदे, मसाल्याच्या मिरच्या. आगोट म्हणजे पावसाचे तोंड. गोव्यात याच बेगमीला पुरुमेंत म्हणतात, शब्द पोर्तुगीजांकडून आलेला. मडगावच्या होली स्पिरिट चर्चचे फेस्त तर ‘पुरुमेंताचे फेस्त’ म्हणूनच ओळखले जाते.

साठ्याला मात्र ‘बाज’ लागला आणि त्याचा गुन्हा झाला. 1955 च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याने साठ्यावर मर्यादा घालण्याचा अधिकार सरकारला दिला. साठा ‘सापडू’ आणि ‘जप्त होऊ’ लागला. बेगमीवर असे क्रियापद अजून कुणी लादलेले नाही. तिचा खरा अपमान ‘मतांची बेगमी’ या बातमीतल्या शब्दप्रयोगाने केला आहे. घरच्यांच्या पोटासाठी केलेल्या हिशेबाचे नाव मतांच्या हिशेबाला देणे मला मुळीच मान्य नाही.

ज्यांच्या घरी आजी-पणजीने कणगी लिंपली, डाळीला एरंडेल चोळले, गव्हात कडुलिंबाचा पाला घातला, त्यांनी एवढे करावे: त्या भांड्याकोठ्यांची आपल्या गावातली नावे, त्यांत काय आणि किती भरत, ते किती दिवस पुरे, हे या दिवाळीत घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे.