माहितीपट दाखवण्यापूर्वी

वेल्ह्याहून केळदकडे जाताना वाटेत पासली लागते. पावसाळ्यात इथले डोंगर धुक्यात बुडून जातात. अशा गावातल्या शाळेत मुलांना विज्ञानाचा माहितीपट दाखवायचा झाला, तर तो कोणता निवडावा? आम्ही त्यासाठी एक साधी कसोटी वापरतो. मुलांना नुसत्या डोळ्यांनी जे दिसणे शक्य नाही, ते हा माहितीपट दाखवतो का?

जे दारात आहे त्यासाठी पडदा नको. ओढ्यातले खेकडे, मृगाच्या आधी लुकलुकणारे काजवे, उतारावरची कारवी हे मुलांनी प्रत्यक्षच पाहावे. पण वेलीचा शेंडा आधार शोधत हळूहळू गोल फिरतो, ते पाहत बसायला कोणाला वेळ आहे? डेव्हिड ॲटनबरो यांची ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ प्लान्ट्स’ (१९९५) ही सहा भागांची मालिका इथे उपयोगी पडते. तिच्यातली युक्ती फळ्यावर समजावून देता येते. दर १० मिनिटांनी एक छायाचित्र घेतले, तर दिवसभरात १४४ होतात. ती सेकंदाला २४ या वेगाने दाखवली, की २४ तासांची वाढ ६ सेकंदांत दिसते.

वेळेप्रमाणेच आकाराचीही मर्यादा आहे. चार्ल्स आणि रे ईम्स या दांपत्याचा ‘पॉवर्स ऑफ टेन’ (१९७७) जेमतेम नऊ मिनिटांचा आहे. बागेत पहुडलेल्या माणसापासून कॅमेरा दर १० सेकंदांना दसपट दूर जातो आणि दीर्घिकांच्याही पलीकडे पोचतो. मग परत येऊन तो माणसाच्या हातात शिरतो आणि पेशी, रेणू, अणू पार करत अणुकेंद्रापर्यंत जातो. घातांक शिकवताना यासारखे साधन नाही.

तिसरी मर्यादा अंतराची. शेखर दत्तात्री यांचा केरळातील सायलेंट व्हॅलीवरचा माहितीपट जरूर दाखवावा. हे जंगल आपल्याच सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडचे. तिथला नियोजित जलविद्युत प्रकल्प लोकांच्या विरोधामुळे रद्द झाला आणि १९८४ साली जंगलाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. ‘आपल्या डोंगरात यातले काय आहे?’ हा प्रश्न मुले आपणहून विचारतील.

मात्र पडद्यावर दिसले म्हणजे ते खरेच, असे मुलांना वाटू देऊ नये. डिस्नेच्या ‘व्हाइट वाइल्डरनेस’ (१९५८) या माहितीपटाला ऑस्कर मिळाले होते. त्यात लेमिंग हे उंदरासारखे प्राणी कड्यावरून पाण्यात झेप घेताना दिसतात. प्रत्यक्षात ते विकत आणलेले होते आणि त्यांना कड्यावरून ढकलण्यात आले होते. १९८२ साली कॅनडातील एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने हे उघडकीस आणले. लेमिंग सामूहिक आत्महत्या करतात, हा समज मात्र अजून टिकून आहे. म्हणून प्रत्येक दृश्यानंतर विचारावे : कॅमेरा कुठे ठेवला असेल? हे एकाच दिवशी टिपले असेल का?

इंग्रजी निवेदनाची अडचण वाटते. त्यावर आमचा उपाय सोपा आहे. आवाज बंद करावा आणि निवेदन शिक्षकाने मराठीत करावे. सलग तासभर दाखवण्यापेक्षा पाच मिनिटे दाखवून थांबावे आणि पुढे काय होईल, ते मुलांना सांगू द्यावे. विजेचा भरवसा नसेल, तर निवडलेला भाग आधीच मोबाइलमध्ये उतरवून ठेवावा. हाताने करून पाहण्यासाठी अरविंद गुप्ता यांच्या टाकाऊतून टिकाऊ खेळण्यांच्या छोट्या चित्रफिती आहेत. त्या मराठीतही आहेत आणि विनामूल्य मिळतात.

शेवटी एक काम मुलांवर सोपवावे. डब्यात घेवड्याचे बी पेरून तो खिडकीत ठेवावा. समोर मोबाइल एकाच जागी पक्का बसवून रोज ठरावीक वेळी पाच दिवस छायाचित्रे घ्यावीत. ती भराभर सरकवली, की पासलीच्या शाळेचा स्वतःचा माहितीपट तयार! त्यात कॅमेरा कुठे होता, हे मुलांना विचारावे लागणार नाही.